माळशेज घाट पुन्हा उतरताना

ओतूरहून कल्याणकडे जाणाऱ्या एस.टी.त खिडकीजवळ जागा मिळाली, तर पावसाळा सरतानाचा हा प्रवास डोळे भरून पाहून घ्यावा. डिंगोरे मागे पडते, मढ येते, मग पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी दिसू लागते. पुष्पावती नदीवरचे हे धरण भरलेले असले, म्हणजे आम्हा जुन्नरकरांचा जीव भांड्यात पडतो. खुबी फाट्यावर हरिश्चंद्रगडाकडे निघालेली शहरातली पोरे पाठीवर बोचकी घेऊन उतरतात. त्यापुढे माथा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोनकीची पिवळी फुले आणि मध्येच भाताची खाचरे. मग एक वळण येते आणि पुढे जमीनच संपते. खाली सगळे कोकण.

वाचकहो, 2023 साली गणपती उठल्यावर मी आणि आमची मंडळी याच रस्त्याने निघालो होतो. मंडळींच्या मांडीवर ओल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी होती. माझे दोन्ही हात पुढच्या सीटच्या दांडीला होते. बघणाऱ्याला वाटावे, या माणसाने आयुष्यात कधी घाट पाहिला नाही. खरे तर या घाटाने मी तीस वर्षे भाजीपाला खाली नेत आलो आहे. तरी त्या दिवशी माझ्या तळहातांना पाणी सुटले होते. त्याचे कारण सांगण्यासाठी अडीच महिने मागे जायला हवे.

जुनी वाट, जुना धंदा

आधी दोन शब्द या वाटेविषयी. घाटमाथ्यावरचा माल कल्याणला उतरवायचा, हा आमच्या मुलखाचा धंदा कालपरवाचा नाही. माळशेजच्या दक्षिणेला नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळात, जुन्नर आणि कल्याण यांच्यामधला व्यापार त्या घाटातून चाले. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा लेख कोरलेला आहे, आणि घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे लोक सांगतात. आज नाणेघाटाने पायी हिंडणारी हौशी माणसे जातात आणि माल माळशेजने उतरतो. पुणे जिल्हा संपून ठाणे जिल्हा लागतो तो याच घाटात.

उन्हाळ्यात हा घाट साधा वाटतो. पावसाळ्यात मात्र त्याचे रूप पालटते. कड्यांवरून धबधबे थेट रस्त्यावर पडतात. धुके इतके दाटते, की स्वतःच्या गाडीचे नाक दिसू नये. मुरलेल्या पाण्याने दगड सैल होतात आणि केव्हा सुटतील याचा नेम नसतो. दरड आल्याने घाट बंद, ही बातमी आम्हाला नवी नाही. हे सारे ठाऊक असूनही त्या रात्री मी घाई केली.

त्या रात्रीची गोष्ट

2023 च्या जुलैत टोमॅटोला कसा भाव आला होता, ते आपल्याला आठवत असेल. वीस किलोच्या कॅरेटला नारायणगावच्या बाजारात दोन हजारांच्या वर पैसे मिळत होते. एरवी ज्या मालाला तोडणीची मजुरीही सुटत नाही, त्याला सोन्याचे मोल आले. माझा अर्धा एकरच टोमॅटो होता, पण माल टवटवीत होता. कल्याणला ओळखीचा आडत्या आहे. तो फोनवर म्हणाला, "पहाटे गाडी लावा, चार पैसे जास्तच करून देतो." पुतण्याची पिकअप होती. टोमॅटोची कॅरेट आणि वर मेथी-कोथिंबीर भरून आम्ही रात्री निघालो. गाडीत पुतण्या, मी आणि आमच्या दोघांच्या मधे माझा धाकटा. त्याची बारावी नुकतीच झाली होती. बाजार बघायची त्याला हौस, म्हणून बरोबर घेतला.

मढला पुतण्याने गाडी हळू केली. म्हणाला, "तात्या, धुकं लई हाय. चहा घेऊ, उजाडल्यावर निघू."

मी म्हणालो, "बाजार कुणासाठी थांबत नाय. चल."

हे माझे शब्द. ते मी इथे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे कित्येक रात्री तेच माझ्या कानात वाजत राहिले.

घाटात बोगद्याच्या पुढे एका वळणावर समोर दगड पसरलेले दिसले. पुतण्याने ब्रेक दाबला. रस्त्यावर डोंगरातून आलेला चिखल होता. गाडीचा मागचा भाग सरकत दरीकडे गेला आणि कठड्यावर आदळला. कठड्याचे चार दगड खाली गेल्याचा आवाज आला, पण ते तळाला पोहोचल्याचा आवाज काही आला नाही. मागचे एक चाक अधांतरी होते. गाडी थोडी हलली आणि थांबली.

पुतण्या कुजबुजला, "कुणी हलू नका."

पडलेल्या दगडांच्या पलीकडे घाट चढून आलेली एक लॉरी उभी होती. तिचा ड्रायव्हर नगरकडचा. त्याने बॅटरी मारून आमची दशा पाहिली, रेंज मिळेल अशा वळणापर्यंत पळत गेला आणि 112 ला फोन लावला. पोलिसांना दगड पडल्याची खबर आधीच होती आणि त्यांची गाडी निघालीही होती. तरी ती पोहोचेपर्यंत वीस मिनिटे गेली. ती वीस मिनिटे आम्ही तिघे श्वास जपून घेत बसलो होतो. धाकट्याने माझा हात इतका घट्ट धरला होता, की दुसऱ्या दिवशी तिथे वळ दिसत होते.

खाकीतली माणसे

पोलिसांच्या गाडीतून एक वयस्क हवालदार, एक तरुण शिपाई आणि एक महिला पोलीस उतरल्या. आरडाओरडा नाही, धावपळ नाही. हवालदार आमच्या समोर, आम्हाला दिसेल असे उभे राहिले आणि म्हणाले, "मामा, मी बघतोय तुमच्याकडं. तुम्ही बी माझ्याकडंच बघा. दरीकडं बघायचं नाय."

लॉरीचा जाड दोर पिकअपच्या पुढच्या हुकाला बांधला. लॉरी जरा मागे घेऊन दोर ताणून धरला. मग डोंगराच्या बाजूचे दार हळूच उघडून एकेकाला बाहेर काढले. माझे पाय रस्त्याला लागले आणि तिथेच मी मटकन खाली बसलो. मला उभे राहता येईना. दात वाजत होते. जुलैत एवढी थंडी नसते.

त्या महिला पोलिसांनी माझ्या अंगावर घोंगडी टाकली आणि धाकट्याला माझ्याजवळ आणून बसवले. थर्मासमधला गोड चहा दिला. हवालदार शेजारी उकिडवे बसले आणि विचारू लागले, "मामा, जनावरं किती घरी? गाय किती दूध देती? धारा कोण काढतं?" मला त्या वेळी नवलच वाटले, की ही काय विचारायची वेळ! पण सांगता सांगता माझे दात वाजायचे थांबले. आपण घाटात नसून घरच्या गोठ्यात आहोत, असे क्षणभर वाटले.

नंतर त्यांनी विचारले, "घरी फोन तुम्ही करता, का मी करू?" मी म्हणालो, "तुम्हीच करा, माझा आवाज फुटायचा." ते म्हणाले, "मग मी लावून देतो, पण पहिला शब्द तुम्ही बोला. बाईमाणसाला पोलिसाचा आवाज आधी ऐकू आला, तर ती भलतंच समजंल." अशा वेळी एवढे भान ठेवणारा माणूस विरळा.

लॉरीवाला जरा मागे मागे राहत होता. त्याला भीती, की आता साक्षीला कोर्टात हेलपाटे घालावे लागणार. हवालदारांनी त्याची समजूत काढली. 2019 साली मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली. तेव्हापासून अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. त्याने आपले नाव-गाव सांगितलेच पाहिजे, अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. वाचकहो, ही गोष्ट आपण सर्वांनी ध्यानात ठेवावी. या भीतीपायी रस्त्यावरच्या जखमी माणसाजवळ थांबायला कित्येक जण कचरतात.

उजाडल्यावर क्रेन आली आणि पंचनामा झाला. वरून येणाऱ्या एका रिकाम्या टेम्पोत आमची कॅरेट चढवली. पट्टी उशिरा झाली, पण झाली. मदत करणाऱ्यांपैकी एकानेही पैशाला हात लावला नाही.

घरी आल्यावर

गावात आलो. मंडळींनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. ग्रामदैवताला नारळ फुटला. जो तो येऊन म्हणे, "नशीब थोर! बालंबाल वाचलात!" मीही हसून "देवाची कृपा" म्हणे. अंगावर ओरखडाही नव्हता. सगळ्यांच्या लेखी गोष्ट संपली होती.

माझ्यासाठी ती तिथे सुरू झाली. रात्री दोनच्या सुमारास मी दचकून उठे. गोठ्यावरचा ताडपत्रीचा कागद वाऱ्याने फडफडला, तरी दगड आले असे वाटे. ताटावर बसलो, की घास फिरे. कुणी पिकअपचे दार आपटले, की काळीज धडधडे. क्षुल्लक गोष्टीवरून मी धाकट्यावर खेकसू लागलो. ज्या पोराचा जीव वाचला म्हणून पाया पडायचे, त्याच्यावरच! टोमॅटोचे पैसे आले होते. पण त्या नोटा मोजताना मला लाज वाटली. या पैशासाठी आपण पोर पणाला लावले, असे मन म्हणे.

हे कुणाला सांगावे? साठीच्या घरातल्या शेतकऱ्याने भीती वाटते म्हणायचे? आपल्याकडे पाय मोडला तर माणूस दहा जणांना दाखवतो. मन दुखावले तर ते पदराखाली झाकतो.

मंडळींच्या मात्र ध्यानात आले होते. एके रात्री मी ओट्यावर बसलेला पाहून त्या बाहेर आल्या. काही विचारले नाही. शेजारी बसून शेंगा फोडत राहिल्या. पहाटे उठताना एवढेच म्हणाल्या, "अहो, बोलायचं नसलं तर नका बोलू. पण एकटं नका बसू."

तो फोन

आठवड्याने हवालदारांचा फोन आला. गाडीच्या कागदांविषयी काहीतरी हवे होते. ते झाल्यावर फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारले, "मामा, झोप लागती का?"

वाचकहो, इतक्या लोकांनी माझी चौकशी केली होती, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. माझा गळा दाटून आला. मी म्हणालो, "नाय लागत, साहेब."

ते म्हणाले, "मला ठाव होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक अपघात पाहिला. महिनाभर मला जेवण जाईना. वाटलं, आपण या नोकरीच्या कामाचे नाय. एका जुन्या जमादारापाशी बोललो तवा हलकं वाटलं. तुम्ही डॉक्टरला भेटा. यात कमीपणा नाय."

मंडळींना बरोबर घेऊन मी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण, माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि आपल्याला कळेल अशा भाषेत सांगितले, "काका, रात्री चोर येऊन गेला, तर राखणीचा कुत्रा पुढं काही दिवस पाचोळा वाजला तरी भुंकतो. तुमचं शरीर तसंच भुंकतंय. तो आजार नाही, राखण आहे. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप शांत होतं."

मग त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. आपल्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडतील, म्हणून त्या इथे देतो.

जेवण, झोप आणि कामाच्या वेळा रोजच्याच ठेवाव्यात. झोप येत नाही म्हणून दारूचा घोट घेऊ नये. त्याने झोप सुधारत नाही, बिघडते. जे झाले ते विश्वासाच्या माणसाशी बोलावे, पण आपल्याला वाटेल तेव्हा आणि झेपेल तेवढेच. घरच्यांनीही खोदून खोदून विचारू नये. ज्याची भीती वाटते ते कायमचे टाळू नये. थोडे थोडे करून, सोबतीने, दिवसाउजेडी त्याच्याजवळ जावे.

आणि महिना उलटून गेल्यावरही तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत राहिला, काम सुचेना झाले, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर क्षणभरही लाजू नये. सरकारी जिल्हा रुग्णालयात मनाचे डॉक्टर असतात. शिवाय ऑक्टोबर 2022 पासून सरकारने 'टेली-मानस' नावाची फोनसेवा सुरू केली आहे. तिचा नंबर 14416. फोन फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते.

दोन अपराधी

डॉक्टरीणबाईंच्या तिसऱ्या सांगण्यावर माझे घोडे अडले होते. मंडळींशी बोललो होतो. पण ज्याच्याशी बोलायला हवे होते, तो पुतण्या. अपघातापासून तो आमच्याकडे फिरकला नव्हता. मला वाटे, त्याला माझा राग आला आहे. त्याने सांगूनही मी ऐकले नव्हते आणि त्याच्या गाडीचे नुकसान झाले होते.

एका संध्याकाळी मीच त्याच्या वस्तीवर गेलो. तो गाडीपाशी बसून होता. मी म्हणालो, "पोरा, चुकलं माझं. तू थांबू म्हणाला होतास."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या डोळ्यांना धार लागली. म्हणाला, "तात्या, मला वाटलं तुम्ही माझ्यावर रागावलात. ब्रेक मीच जोरात दाबला. हळू दाबला असता तर गाडी सरकली नसती. तुमच्या पोराला काय झालं असतं, तर मी तोंड कसं दाखवलं असतं?"

म्हणजे एकाच गावात, दोन वस्त्यांवर, दोघे जण आपापल्या ठिकाणी अपराधी होऊन झुरत होते! त्या रात्री आम्ही एका ताटात जेवलो. घरी येऊन मी धाकट्यालाही जवळ बसवले. तो मित्रांत त्या रात्रीची गोष्ट मोठ्या ऐटीत सांगत असे, पण अंथरुणाजवळचा दिवा मात्र विझवू देत नसे. मी त्याला म्हणालो, "मला बी भीती वाटती." तो म्हणाला, "खरंच, दादा?" आणि त्याचा चेहरा एकदम सैल झाला. बापाला भीती वाटते हे कळल्याने पोराचा धीर सुटत नाही, उलट वाढतो, हे मला त्या दिवशी समजले.

मग मी थोडे थोडे सुरू केले. पहिल्या दिवशी पिकअपमध्ये नुसता बसलो, गाडी अंगणातच. पुढच्या आठवड्यात ओतूरपर्यंत. मग मढपर्यंत गेलो आणि त्या रात्री जो प्यायचा राहिला होता, तो चहा पुतण्याबरोबर प्यालो.

पुन्हा घाटात

आणि आता ही एस.टी. माथा ओलांडून उतरू लागली होती. ऊन पडले होते. पावसाळाभर गर्जणारे धबधबे बारीक धारांवर आले होते. बोगदा आला. माझे डोळे मिटू लागले, तशा मंडळी म्हणाल्या, "मिटू नका. मला दाखवा कुठं ते."

मी दाखवले. कठड्याचा तेवढा भाग नवा बांधला होता, सिमेंट अजून पांढरे होते. गाडी दोन क्षणांत पुढे गेली. एवढीशी जागा! माझ्या रात्रींमध्ये ती केवढी मोठी झाली होती. काळीज धडधडले, नाही असे नाही. पण वळण संपल्यावर ते आपसूक शांत झाले.

घाट उतरल्यावर हवा बदलते. मोरोशीजवळ भैरवगडाचा कातळ डोक्यावर उभा राहतो आणि पिवळी पडू लागलेली भातशेती दोन्ही बाजूंना लागते. पोलीस ठाण्यापाशी आम्ही उतरलो. हवालदार होते. त्यांनी आधी मंडळींना खुर्ची दिली, मग मला विचारले, "झोप?" मी म्हणालो, "लागती आता. कधीमधी मोडती." ते म्हणाले, "कधीमधी माझी बी मोडती."

मंडळींनी शेंगांची पिशवी पुढे केली. ते हात जोडून म्हणाले, "वहिनी, कामावर असताना काही घेता येत नाय." मंडळी म्हणाल्या, "ही भेट नव्हं. आमच्याकडं रानात पहिलं आलेलं शेजारीपाजारी वाटतात. हा वाणवळा हाय." हवालदार जरा थबकले. मग त्यांनी पिशवीतून दोन शेंगा घेतल्या आणि एक त्या महिला पोलिसांना दिली. "वाणवळा पोचला," म्हणाले, "बाकीच्या परत न्या."

पोलीस ठाण्याची पायरी चढायची म्हटले, की आपल्या पोटात गोळा येतो. तक्रारी सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यातल्या कित्येक खऱ्याही असतील. पण पावसात, रात्री, धुक्यात उभे राहून परक्या माणसाला "माझ्याकडे बघा" म्हणणारी माणसे तिथेच असतात, हेही खरे. आपण कधी मुद्दाम जाऊन त्यांना "बरे आहे आता" एवढे सांगतो का? हवालदार निघताना म्हणाले, "मामा, आम्ही लोकांना बाहेर काढतो, ॲम्ब्युलन्सात घालतो, गाडी निघून जाती. पुढं काय झालं ते कुणी सांगायला येत नाय. तुम्ही आलात, बरं वाटलं."

परतीच्या एस.टी.त मंडळींनी उरलेल्या शेंगा सोलायला घेतल्या. घाट चढताना मी सवयीने पुढच्या दांडीकडे हात नेला, तर त्यांनी माझ्या ओंजळीत शेंगा ओतल्या. दोन्ही हात भरले. खात खात आम्ही माथ्यावर कधी आलो, ते समजलेही नाही.

आताही मी टोमॅटो कल्याणला नेतो. पावसाळ्यात मात्र उजाडल्याशिवाय घाटात उतरत नाही. मढला चहा घेतो. उशीर झाला, की भाव दोन पैसे कमी मिळतो. मिळू दे.